स्नेकहून तिरोलला जाण्याचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भरकटलेल्या माणसाला वाट दाखवणं हे माझं जीवितकार्य आहे. ते पार पाडण्याची संधी गेल्या सव्वीस वर्षांत मला एकदाही मिळालेली नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. चार रंगांचे रूळ अंगावरून गेले, मग यंत्राने मला बावीस घड्या घातल्या. त्या घड्या जशाच्या तशा पुन्हा घालणं अजून कुणालाही जमलेलं नाही, एवढा एक अभिमान मी बाळगून आहे. माझ्या वरच्या डाव्या कोपऱ्यात नेदरलंड्स, खालच्या उजव्या कोपऱ्यात आल्प्स, मध्ये सगळी जर्मनी. काठावर अंतरांचा तक्ता.

नेदरलंड्समधल्या स्नेक गावच्या पेट्रोल पंपावरून सीब्रन आजोबांनी मला घरी आणलं. तेव्हा ते आजोबा नव्हते. बोटी आल्या की कालव्यावरचा पूल उचलायचा आणि गेल्या की खाली टेकवायचा, ही त्यांची नोकरी. अख्खं गाव त्यांच्या एका बटणावर थांबायचं. अशा माणसाला दुसऱ्याने रस्ता सांगितलेला चालत नाही.

त्यांचा मुलूख पाटासारखा सपाट. म्हणून दर हिवाळ्यात टपावर स्की बांधून सगळं घर आल्प्सच्या तिरोलमधल्या एकाच गावी घसरायला जायचं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी वाटाण्याचं सूप व्हायचं, चमचा उभा राहील इतकं घट्ट. वाडगे उचलले की मला टेबलावर पसरून रस्ता ठरवायचा. दोन तास चर्चा होऊन दर वर्षी तोच ठरायचा: वुर्झबुर्गनंतर म्युनिककडे न जाता उल्मवरून. पहिल्याच वर्षी म्युनिकपाशी ते तीन तास अडकले होते. आजोबांनी त्या शहराला कधी माफ केलं नाही.

टेबलावर माझं कौतुक व्हायचं. गाडीत मात्र मी दाराच्या कप्प्यात, काचेवरचा बर्फ खरवडायच्या पट्टीखाली. फ्राउक्ये आजींनी एकदा माझ्यावर थर्मासमधली कॉफी सांडली. तेव्हापासून कासेल शहरावर कायम आभाळ दाटलेलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी घरात जावई आला, त्याचं नाव बास. त्याच्या हातात फोन.

"बाबा, हा म्युनिकवरून सांगतोय."

"सांगू दे. त्याला कुठे गाडी चालवायचीय!"

हा संवाद नऊ वेळा झाला.

गेल्या वर्षी वाटेतल्या थांब्यावर आजोबांनी मला पार नाकापर्यंत नेलं, हुंगल्यासारखं केलं आणि "बरोबर आहे" म्हणाले. आजींनी ते पाहिलं. मग पावसाळी दिवसांत गाडीचा आरसा दोनदा फाटकाला घासला. "फाटक सरकलंय," असं आजोबांचं म्हणणं. गाडीत मागे दोन नातवंडं असतात, मित्रांनो. यंदा त्यांनी गाडी चालवायची की नाही, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना.

यंदाच्या रविवारी सूप झालं. आजींनी मला पसरलं, क्षणभर पाहिलं, आणि अर्धं वर्तुळ फिरवून उलटं ठेवलं. आल्प्स वर, समुद्र खाली.

आजोबांनी चष्मा पुसला. "पहाटे चारला निघायचं. झ्वोले, आर्नहेम..." बोट तिरोलच्या शिखरांवरून निघालं. न्यूर्नबर्गपाशी ते "कोलोन, इथे कॉफी," असं म्हणाले. बासने तोंड उघडलं. आजींनी टेबलाखालून त्याला पाय मारला. शेवटी बोट थांबलं. "पोचलो. हा आपला उतार."

"सीब्रन," आजी म्हणाल्या, "तुझ्या बोटाखाली आपलं घर आहे. मी नकाशा उलटा ठेवलाय."

आजोबांनी बोट उचललं.

"बरं," आजोबा म्हणाले. "म्हणजे यंदा पेट्रोल फारसं लागणार नाही."

कुणी हसलं नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यावर, नेमकी कासेलच्या डागावर ठेवली.

"बास, तू चालव. पण रस्ता मी सांगणार."

"तुम्हीच सांगा, बाबा."

या प्रवासात प्रथमच मी सगळी वाट कप्प्याबाहेर होतो, आजोबांच्या मांडीवर. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि प्रत्येक वळण आधीच सांगितलं. वुर्झबुर्गला फोन उजळला. बासने तो पालथा घातला.

"काय म्हणतोय तुझा शहाणा?"

"उल्म म्हणतोय, बाबा."

"शिकला एकदाचा!" आजोबा म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

अंधार पडायच्या आत सगळे सुखरूप पोचले.

मित्रांनो, जुन्या नकाशांना जपा. घडी घालताना जोर लावू नका, आमच्यावर कॉफी ठेवू नका. आणि इतक्या प्रेमाने पसरताच आहात, तर कधीतरी सरळ धरून वाचाही. उल्मवरचा रस्ता म्युनिकवरच्या रस्त्यापेक्षा चौसष्ट किलोमीटर लांबचा आहे. काठावरच्या तक्त्यात ते पहिल्या दिवसापासून छापलेलं आहे.