पिसासारखं टूल

“तुझं टूल उघडायला लावावं, मग माणसाने लग्न करावं, नातवंडं खेळवावीत आणि परत येऊन बघावं,” जादूगार म्हणाला, “चक्र आपलं फिरतंच आहे.”

ऑफिस खदखदून हसलं. समोरची पोरगी तेवढी हसली नाही.

शीतगृहाच्या त्या ऑफिसात डेटाबेस सांभाळणारे दोघंच, जादूगार आणि ती. नव्या साहेबांना एकच ठेवायचा होता. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करणं आता बंद, दोघांनी माउसने चालणारं एकेक टूल निवडायचं, ज्याचं पसंत पडेल तो राहील. पोरीचं टूल जडशीळ. जादूगाराचं पिसासारखं, ऑफिसातले दम लागलेले कॉम्प्युटरही ते पापणी लवायच्या आत उघडत.

जादूगार हे नाव त्याला एका खेळावरून पडलेलं. नवा माणूस आला की त्याच्यादेखत तो सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी पुसून टाकायचा. नवख्याचं तोंड पांढरं पडलं की ‘मागे फिर’ असा हुकूम द्यायचा, की यादी जशीच्या तशी हजर. काळ्या पडद्यावर ‘पक्कं कर’ म्हटल्याशिवाय काही पक्कं होत नसे, एवढंच त्यातलं इंगित. एक नवखा तर म्हणे खुर्चीसकट उलटला, तो अजून उठायचाय.

साहेब नवे. म्हणजे खेळ व्हायलाच हवा.

“बघा हं साहेब.” त्याने आपल्या नव्या टूलमध्ये यादी निवडली, पुसली. साहेबांचं तोंड ठरल्याप्रमाणे पांढरं पडलं. “आणि आता मागे.”

पडदा कोराच. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा.

“काका,” पोरगी मऊ आवाजात म्हणाली, “हे टूल पुसलेलं तिथल्या तिथे पक्कं करतं. वर ती टिकमार्क आहे ना, ती आधी काढायची असते.”

“तुला ठाऊक होतं?”

“वाटलं, तुम्हालाही असेल. जादूगार ना तुम्ही.”

मग तिने सकाळची राखीव प्रत उघडून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना यादीत परत आणून बसवलं.

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. “टूल छान आहे, काका. हलकं आहे. हेच घेऊ.”

जादूगाराच्या जिवात जीव आला.

“टिकमार्क उद्या काढा. आज यादीत एक ओळ जास्त आहे.”

“कुठली?”

“तुमची. पुसून टाका. तुमच्याइतका सराव आहे कुणाला?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“ज्याचं टूल तो राहणार, असं ठरलं होतं साहेब.”

“होतं ना. तेही पुसलं गेलं समजा.”

त्याने आपली ओळ निवडली. नाव, हुद्दा, रुजू झाल्याचं वर्ष. कळेवर बोट ठेवून त्याने पोरीकडे पाहिलं. ती नखाचा रंग खरवडत होती.

त्याने कळ दाबली. खालची ओळ सरकून वर आली, तिच्याखालची तिच्या जागी, आणि यादी पुन्हा सलग दिसू लागली.