खोगिराखालचा तिसरा थर

घोडीची पाठ घामाने भिजून काळी पडली होती, आणि त्या ओल्या काळ्या भागात दोन जागा कोरड्या होत्या. खांद्यांच्या मागे, कण्याच्या दोन बाजूंना एकेक. उजवीकडची अंड्याएवढी, डावीकडची तळहाताएवढी. डावीकडचे केस उलटे वळले होते आणि त्यांत घाम सुकल्याची पांढरी रेघसुद्धा नव्हती. धाकटीने तिथे दोन बोटं टेकवली. बाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागली. घोडीने मान वळवून दात आपटले. बोटं थोडक्यात वाचली.

"बघितलंत?" मालकीणबाई म्हणाल्या. घोडेस्वारीची शाळा त्यांची होती, आणि शाळेतली सगळी खोगिरं धाकटीच्या आणि तिच्या ताईच्या दुकानातली. "माजलीय नुसती. सकाळी पोटाखालचा तंग आवळायला गेला तर मोतद्दाराला भिंतीवर दाबलं. स्वार चढला तर त्याला मातीत घातलं."

"पाठ दुखतेय तिची."

"कुठे दुखतेय? तुम्ही हात लावलात तिथं तर घामाचा थेंब नाही. बाकीची पाठ भिजलीय. म्हणजे नेमकं तिथंच खोगीर आरामात बसतंय."

हे सगळेच म्हणत. कोरडी जागा म्हणजे सुखाची जागा, असं भल्याभल्या घोडेवाल्यांना वाटत असे. प्रत्यक्षात उलटं होतं. एखाद्या जागी दाब इतका असतो की कातडीला श्वास घ्यायला फट उरत नाही, तिथे घामही फुटत नाही. धाकटीने हे पूर्वी दोनदा समजावून पाहिलं होतं. दोन्ही वेळा मालकीणबाईंनी, तुम्ही खोगिराखालचं पॅड विकता की प्रवचन, असं विचारलं होतं.

"उद्या सकाळी हिची शेवटची परीक्षा," मालकीणबाई म्हणाल्या. "जाड पॅड आणा. दोन थरांनी भागत नसेल तर तीन घाला. उद्याही उधळली, तर व्यापारी परवा येतोयच. खडीच्या गाडीला जुंपेल, मग उतरेल सगळा माज."

धाकटीच्या जिभेवर एक वाक्य होतं. गेल्या हिवाळ्यापासून होतं. दर वेळी ते दातांपर्यंत येई आणि ती ते गिळून पॅडसाठी नमद्याचा आणखी एक तुकडा कापायला घेई.

"आणते," ती म्हणाली.

"आणा, आणा," घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार बाजूने म्हणाला. त्याची कोपरं सोलून निघाली होती. "आणि एक माझ्या मापाचंही आणा. भिंतीला बांधून ठेवतो."

दुकानात दोन टेबलं होती. रस्त्याकडच्या खिडकीशी ताईचं, मागच्या भिंतीशी धाकटीचं. बाबा गेल्यावर वाटणी झाली नाही. उजेड तेवढा वाटला गेला. ताईच्या डोक्यावर खिळ्याला बाबांचा साचा टांगलेला असे. लोखंडी पट्टी वाकवून केलेली एक कमान. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोगिराचा लाकडी सांगाडा पुढून त्या कमानीच्या मापाचा. ताई रोज सकाळी आधी साच्यावरची धूळ पुसे, मग स्वतःचा चष्मा. आणि तिच्या टाक्याला तोड नव्हती. धाकटीला ताईबद्दल एकच चांगलं वाक्य बोलायला सांगितलं असतं, तर तिने टाक्याबद्दल बोलून विषय संपवला असता.

"काय म्हणतेय ती भवानी?" ताईने मान वर न करता विचारलं.

"कोणती? घोडी की मालकीण?"

"दोघी."

"घोडी म्हणतेय की कमान अरुंद आहे."

ताईची आरी चामड्यातून आरपार गेली आणि परत आली. "नाचता येईना, अंगण वाकडं. पॅड धड जमत नाही, तर कमान अरुंद."

"पॅडने हे सुटणार नाही, ताई. बूट चावतोय, आणि आपण पायात मोज्यांवर मोजे चढवतोय."

"बूट! बाबांच्या कमानीला बूट म्हणतेस?"

"बाबांच्या वेळचे घोडे सडपातळ होते. ही पिंपासारखी आहे. हल्ली सगळे तसेच येतात."

"मग घोडी बारीक करा. मला काय सांगतेस?"

"साचा अर्धा इंच उघडला, तर…"

"हात लावून बघ साच्याला." आता आरी खाली ठेवली गेली. "बाबांनी तुला या टेबलावर कधी बसवलं नाही, ते उगाच नाही. तुला खोगीर कळतच नाही. तुला फक्त मऊ कळतं. कोणी ओरडलं की त्याच्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, आणि तो गप्प बसला की आपण शहाणे. खोगीरभरती करणाऱ्यांनी खोगिराला नावं ठेवू नयेत."

हे झोंबलं, कारण त्यात खोटं फार थोडं होतं. पहिली तक्रार आली तेव्हा धाकटीने मेंढीच्या कातड्याचं पातळ पॅड करून दिलं होतं. घोडा काही दिवस शांत राहिला. नवीन काही आलं की दाब थोडा इकडेतिकडे सरकतो, एवढंच. मग पुन्हा तक्रार, मग दाबलेल्या लोकरीचा नमदा. मग जेलची चकती, धक्के शोषून घेणारी. तिने स्वाराच्या कंबरेला खरोखरच बरं वाटे. लोक खूश. त्यांचं खोगीर घ्या, त्यांच्या पॅडवर दगडधोंड्यांतही बसल्यासारखं वाटत नाही, असं एकमेकांना सांगत. खोगिरं ताईची होती, पण दुकानाचं नाव पॅडने झालं होतं. ताई हे ओळखून होती आणि त्याबद्दल तिने धाकटीला कधी माफ केलं नव्हतं.

धाकटी गप्प का राहिली, त्यालाही काही मोठं गूढ नव्हतं. दुकानाच्या वर दोन खोल्या, दोन्हींना मिळून एक स्वयंपाकघर. जी टेबल सोडेल तिला घरही सोडावं लागेल, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. ताई तरीही अधूनमधून बोलून दाखवीच.

"तीन थर घाल," ताई म्हणाली. "मध्ये जेल. आणि कडा नीट शिव, गेल्या वेळी मालकीण मला बोलली."

"तुला नाही बोलली. मला बोलली."

"दुकानाला बोलली म्हणजे मलाच."

धाकटीने पॅड केलं. खाली नमदा, मध्ये जेल, वर पुन्हा नमदा. कण्यावर दाब येऊ नये म्हणून मधोमध रुंद पन्हळ. चारही बाजूंनी हात फिरवून पाहिला तर कुठे उंचवटा नाही, सुरकुती नाही. तिने आजवर केलेल्या पॅडांमध्ये हे सगळ्यांत चांगलं उतरलं होतं. तिला ते उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावंसं वाटलं. तिने ते घडी न पडू देता पिशवीत ठेवलं.

सकाळी ताईही निघाली. मालकीणबाईंनी दोघींनाही बोलावलं होतं. एकाच गाडीत शेजारीशेजारी बसून दोघी गेल्या. वाटेत ताई फक्त "खिडकी लावा" एवढंच बोलली, आणि तेही गाडीवाल्याला.

घोडी अंगणात बांधलेली होती. पॅड चढलं, त्यावर खोगीर चढलं. जाड थरांवर खोगीर डुगडुगायला लागलं, तसा मोतद्दाराने तंग आणखी दोन भोकं आवळला. घोडीचे कान मागे चिकटले. तिने शेपटी अशी फटकारली की मालकीणबाई दोन पावलं मागे सरल्या.

"बघा कसं बसलंय," ताई म्हणाली. "लोण्यात सुरी."

"चढ रे," मालकीणबाई मोतद्दाराला म्हणाल्या.

"मी? बाई, मला कंबर एकच दिलीय."

"चढतोस की तुझाही हिशेब व्यापाऱ्याकडे लावू?"

"थांबा," धाकटी म्हणाली. "आधी तुम्ही हात घाला. इथं, कमानीच्या खाली. पॅड आणि घोडीच्या मध्ये."

"मी कशाला?"

"त्याच्या कंबरेपेक्षा तुमची बोटं स्वस्त पडतील म्हणून."

मोतद्दार खोकला. मालकीणबाईंनी रागाने बोटं घुसवली. दुसऱ्या पेरापुढे ती जाईनात. तेवढ्यात घोडीने पाय बदलला, खांदा मागे आला, आणि मालकीणबाई "अगं आई गं!" करून किंचाळल्या. हात बाहेर आला तेव्हा बोटं पांढरीफटक पडली होती.

"चेमटली माझी बोटं!"

"आता पॅड काढून बघा."

"अजिबात नाही," ताई म्हणाली.

पण मालकीणबाईंना आता हट्ट चढला होता. मोतद्दाराने तंग सोडला, पॅड काढून धाकटीच्या हातात दिलं आणि नुसतं खोगीर पुन्हा पाठीवर ठेवून तंग लावला. मालकीणबाईंनी दुसरा हात घातला. घट्टच, पण या वेळी तो पंजापर्यंत गेला. घोडीने कान हलवले, दात मात्र दाखवले नाहीत.

"म्हणजे पॅडने जास्त आवळतं?" मालकीणबाईंनी सावकाश विचारलं.

"अरुंद कमानीखाली, हो. पॅड नसताना कमी चावतं, पण चावतंच. तिला महिनाभर मोकळी सोडा. सूज उतरली की माप घेऊन रुंद कमानीचं खोगीर घाला. ही घोडी वाईट नाही."

"रुंद कमानीचं कुठंय?" मालकीणबाई ताईकडे वळल्या.

"आमच्याकडे एकच माप आहे," ताई म्हणाली. "बाबांचं."

"मग झालं की. माझ्याकडेही एकच उपाय आहे. व्यापारी."

ताईचा चेहरा जराही हलला नाही, पण आवाज एकदम गोड झाला. हा आवाज धाकटी लहानपणापासून ओळखत होती. त्यानंतर नेहमी कुणीतरी रडत असे. "अहो, एवढं कशाला? पॅड जाड झालं, बाकी काही नाही. हिचा हातच जड. उद्यापर्यंत पातळ करून देईल, दुखतंय तिथं आतून पोकळ. घोडी गरीब गाईसारखी उभी राहील. व्यापाऱ्याला म्हणावं, पुढच्या महिन्यात ये."

"नक्की?"

"विचारा तिलाच."

सगळे धाकटीकडे बघू लागले. पोकळ पॅड करता आलं असतं. काही दिवस घोडी शांतही राहिली असती, व्यापारी हात हलवत गेला असता, आणि मग एका सकाळी कुणीतरी पुन्हा मातीत पडलं असतं, आणि पुन्हा जाड पॅड मागवलं गेलं असतं. ताई तिच्या कानाशी आली.

"हो म्हण," ती दातांतून पुटपुटली. "घोडी वाचेल, दुकान वाचेल. घरी गेल्यावर काय ते भांड."

"घरी गेल्यावर तू ऐकत नाहीस."

"इथं तरी कोण ऐकतंय तुझं? मऊ करणारी बाई तू. तेवढंच कर."

"काय ठरलं?" मालकीणबाईंनी दुखरी बोटं झटकत विचारलं. "मला दिवसभर वेळ नाही."

"नाही करून देणार," धाकटी म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिने घसा साफ केला आणि ताईकडे तोंड करून पुन्हा, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं, "पातळ नाही, जाड नाही, पोकळ नाही. तुझ्या कुठल्याही खोगिराखाली यापुढे माझं पॅड जाणार नाही, ताई. माझं टेबल मी आज संध्याकाळी बाहेर काढते, आणि पहिलं खोगीर या घोडीच्या मापाचं करते."