हट्टी झाडाचं तोंड

काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतलं झाड भारी हट्टी होतं. काकू कुंडी फिरवून त्याचं तोंड घराकडे करायच्या, की चार दिवसांत ते मेलं पुन्हा काचेकडे वळायचं.

"एवढं खाऊपिऊ घालते, तरी लक्ष बाहेर!" काकू करवादल्या.

"आई, तू नुसतं पाणी घालतेस," लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "अन्न ते स्वतःच करतं, उन्हात बसून."

आमटी ढवळणारा काकूंचा डाव हवेतच थांबला. म्हणजे या अख्ख्या घरात आपल्या पोटाचं आपण बघणारं हे एकटंच! आणि बोलणी खायची ती यानंच?

त्यांनी गॅस बंद केला, कुंडी बाहेरच्या बाजूला वळवली आणि हे एवढं बघतं तरी काय म्हणून शेजारी स्टूल टाकून बसल्या. खाली समोरची आजी सायकल शिकत होती. धपकन पडली, खो खो हसत उठली. या खिडकीशी काकूंनी आजवर फक्त दूध उतू जाताना पाहिलं होतं.

"अगं, पोटात कावळे कोकलताहेत!" काका आत आले.

काकूंनी त्यांना स्टुलावर बसवलं, तोंड उजेडाकडे केलं, हातात पाण्याचा ग्लास दिला.

"बसा. ऊन छान आहे, होईल हळूहळू," म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि सायकलकडे निघाल्या.