लाला अर्ध्या विहिरीत असताना

माझा थोरला भाऊ तोरजान, म्हणजे लाला, अर्ध्या विहिरीत लोंबकळत होता तेव्हा परदेशी फौज आली. वेळ तशी बरी होती. सकाळचा चहा झालेला होता.

कारेझ साफ करणं हे आमचं पिढीजात काम. डोंगराखालून गावापर्यंत पाण्याचा बोगदा येतो आणि त्यावर ओळीनं विहिरी असतात. एकानं उतरून गाळ काढायचा, दुसऱ्यानं वर रहाट धरायचा. उतरणारा पांढरे कपडे घालतो. दरड कोसळलीच तर कफनासाठी कुणाची धावपळ नको. वरच्यानं पैगंबरांची स्तुती गात राहायचं. रशियन विहिरींत बाँब टाकायचे तेव्हा वडिलांनी नियम घालून दिला: गाणं थांबलं म्हणजे वरचा माणूस गेला आणि रहाट सुटणार. लगेच दोर सोडून भिंतीतल्या खाचा धरायच्या. या नियमानं ते दोनदा वाचले. रशियन गेले, मग आपलेच लोक एकमेकांवर तोफा डागू लागले. मग तालिबान आले आणि त्यांनी गाण्यावर बंदी घातली. आमची स्तुती कसली ते ऐकायला म्हणून विहिरीवर आले, थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. एकाला तर रडू आवरेना. बंदी मात्र कायम राहिली.

पुढे या परदेशी फौजेची विमानं आली. मागच्या आठवड्यात एक बाँब या विहिरीजवळ पडला. पाणी बंद झालं आणि वरच्या पंधरा हातांतल्या खाचा ढासळल्या. लाला आता नेमका त्या पंधरा हातांत होता; दोर सोडला तर धरायला काहीच नाही, पण वडिलांचा नियम अंगात भिनलेला.

सहा शिपाई, त्यांतला एक त्यांचा साहेब, आणि एक काबूलचा दुभाषा. नाव होमायून, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं.

"हात वर कर!" तो ओरडला.

हात वर केले तर रहाट सुटणार, बोलायला थांबलो तर लाला दोर सोडणार. मी त्याच चालीत पुढचं कडवं घेतलं, "पोरा रे, दोराला माझा भाऊ आहे, खाली तीस हात खोल आहे..."

"गातोस काय? नीट बोल!"

"थांबलो तर तो दोर सोडेल, हे पैगंबरा, या पोराला समज दे..."

विहिरीतून लालाचा आवाज आला, "झमरय, हे कुठलं कडवं?"

होमायूननं साहेबाला सगळं सांगितलं. साहेबानं काही विचारलं.

"साहेब विचारतात, खाली शस्त्रं किती?"

"एक कुदळ, एक फावडं, दांडा तोही मोडका..."

"साहेब म्हणतात, हात वर झालेच पाहिजेत. नियम आहे."

"मग रहाट धरा कुणीतरी, हे दयाघना, धरा कुणीतरी..."

बरंच बोलणं झालं. शेवटी एका धिप्पाड, लालबुंद शिपायानं बंदूक पाठीवर टाकली आणि रहाटाचा दांडा धरला. मी हात वर केले. स्तुती गाताना दोन्ही हात आकाशाकडे असण्याची माझी ती पहिलीच वेळ. आवाज असा लागला की मशिदीतल्या आमच्या गाणाऱ्या मुल्लासाहेबांनीही मान डोलावली असती.

शिपायानं दांडा उलटा फिरवला.

"अरे गाढवा, वर! खाली नाही!" विहिरीतून लाला गरजला. मला वाटतं, तो मलाच म्हणत होता.

होमायूननं घाईघाईनं शिपायाला दिशा दाखवली. हळूहळू पांढरी पगडी आली, मग चिखलानं माखलेला पांढरा सदरा. जमिनीतून कफन उगवावं तसं दिसलं असेल. पाच बंदुका त्याच्यावर रोखल्या गेल्या. सहाव्याचे हात गुंतले होते.

लालानं काठावर पाय टेकला, कमरेचा दोर सोडला, माझ्याकडं पाहिलं, रहाटाकडं पाहिलं.

"पुरे आता," तो मला म्हणाला. "मी वर आलो."

मी थांबलो. खाली बसलो. हात तसेच वर.

शिपाई अजून दांड्याला लटकून होता. दोराला कुणीच नव्हतं, तरी त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या.

"ए पोरा," लाला होमायूनला म्हणाला, "सोड म्हणावं त्याला."

होमायूननं सांगितलं. साहेबानंही सांगितलं. शिपायानं वाकून विहिरीत पाहिलं, मग लालाकडं पाहिलं, पुन्हा विहिरीत पाहिलं. त्यानं दांडा सोडला नाही. शेवटी लाला त्याच्याजवळ गेला, शेजारी उभा राहिला आणि त्याचं एकेक बोट सावकाश सोडवू लागला.