पन्हळीपलीकडे

तांब्यातलं पाणी काठाशी थरथरत होतं. नागूबाईला वाटलं, पाणीच भ्यालंय.

दिवस भरलेल्या लेकीला, सोजरला, गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या बोळात, मंडपातल्या उजव्या दारानं पार आत नेऊन लपवून ती पाण्याला गेली, आणि तेवढ्यात गावात बंदूकवाले घोडेस्वार शिरले. आता ते सभामंडपात होते. आणि ती खांबांच्या आडोशानं, जीव मुठीत धरून शिरली ती डाव्या दारानं. रोजच्यासारखी. मेल्या पायांनी आजही शिरस्ता सोडला नाही!

लग्न होऊन आल्यापासून रोज हेच — डावीकडून निघायचं, गाभाऱ्याला वळसा घालायचा, पायाला ओल लागली की माघारी फिरायचं. महादेवाच्या तीर्थाची, बोळ आडवा कापत जाणारी पन्हळ ओलांडायची नसते. मग उजव्या दारानं आत, पुन्हा ओल, पुन्हा माघारी. पदर नाकापर्यंत, नजर खाली. पन्हळ एकच आहे हे तोंडाला ठाऊक होतं. पायांना मात्र दोन ओल्या जागा ठाऊक होत्या, आणि त्यांच्यामध्ये अख्खं देऊळ. सोजर त्या दुसरीपाशी. म्हणजे मंडपातून, त्या माणसांच्या समोरून... कसं जायचं?

अंगठ्याला गार लागलं. ती थांबली.

"माय..."

इतक्या जवळून? भिंती फसवतात, तिनं स्वतःला समजावलं.

"माय, तूच हाईस का गं? दाराकडं कोणतरी यायलंय."

"हळू बोल. कुठं हाईस तू?"

"हितंच की. तुझ्या म्होरं."

नागूबाईनं पदर सारला. वीतभर पाणी, आणि पलीकडे लेकीच्या बांगड्या. डोक्यातलं एवढं थोरलं देऊळ एकदम आवळलं. इतकी वर्षं मी चालत तरी कुठं होते?

पन्हळ ओलांडली तर लेकराबाळांवर येतं, सासू सांगायची. आणि लेकरू तर तिथंच, सोजरच्या पोटात. लागायचं ते माझ्या पायांना लागू दे... तिनं एक पाय पलीकडे टेकवला आणि लेकीचा हात धरला.

पण ओढून न्यायचं कुठं? मागे, डाव्या बाजूला? आजवर ती बाजू वेगळी होती, पन्हळीशी बोळ संपत होता. आता तो कुठंच संपत नव्हता. आणि बाहेरच्यांना तर पन्हळीशी थांबायचंच नव्हतं. त्यांच्यासाठी हा बोळ पहिल्यापासूनच गोल होता.

जोड्यांचा आवाज आत आला. एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून ती ऐकत राहिली — उजवीकडून, की डावीकडून... तिला बाजूच सापडेना.