खैरपाण्याची वैजू

चैत्र उतरला. पांगाऱ्याच्या पर्णहीन, रक्तवर्णी फांद्यांवर उतरला, ओहोटीनं उघड्या पडलेल्या खाडीच्या रुपेरी चिखलावर उतरला, आणि खैरपाण्याच्या निःशब्द, निर्मनुष्य मैदानावरही उतरला. कबड्डीचा हंगाम सरला होता. चुन्याच्या रेषा वाऱ्यानं पुसत आणल्या होत्या.

हंगाम सरला, आशा कुठली सरायला! खैरपाण्याच्या मुलींचा संघ अंतिम सामन्यात एका गुणानं हरला होता, अवघ्या एका गुणानं, आणि तो गुण साऱ्या गावाच्या घशात काट्यासारखा अडकला होता. पारावर तेच, विहिरीवर तेच, मासळीच्या टोपल्यांपाशी तेच: पुढच्या वर्षी काय करायचं? डावा कोपरा बदला म्हणे. पकडीला उंच पोरगी आणा म्हणे. जो तो शहाणा! आणि प्रत्येकाचं बोलणं अखेर एकाच नावापाशी येऊन थांबायचं. वैजू आहे ना, मग चषक आपलाच.

वैजयंती रहाटे. श्यामलवर्णा, चपलचरणा, विद्युत्‌वेगिनी वैजू! एका श्वासाच्या बळावर सात जणींच्या अरण्यात शिरायची, दोघींना बाद करायची आणि हसत परतायची. त्या वर्षी तिला बाविसावं लागलं. आणि स्थळं येऊ लागली.

झालं! पुरुषांच्या संघातला गडी दुसरं मंडळ पळवतं. मुलींच्या संघातली खेळाडू वरात पळवते. पण खैरपाण्याचे चाहते काय दुधखुळे? त्यांनी ठरवून टाकलं, वैजूला नवरा गावातलाच बघायचा. कुणी भाचा पुढे केला, कुणी मुंबईचा पुतण्या कायमचा परत बोलवायची तयारी दाखवली. आणि मंडळाचे अध्यक्ष अनाजी रेळेकर, साठी उलटलेला विधुर शिंपी, तिची पत्रिका खिशात घालून दारोदार हिंडले. दहा वर्षांच्या वैजूला मैदानात त्यांनीच उतरवलं होतं. डोळे मिटायच्या आत एकदा चषक गावात यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण अहो, काय सांगावं! जे हात वैजूच्या चढाईला टाळ्या पिटत होते, तेच सून म्हटल्यावर आखडले. ‘पोरगी गुणाची, पण लग्नानंतर खेळ बंद,’ पहिल्या दारी ऐकलं. दुसऱ्या दारीही तेच, पाचव्या दारीही तेच. वैजू खाडीकाठी जाऊन एकटीच रडली. खेळ सोडून जगायचं कसं, हे तिला माहीतच नव्हतं.

वैशाख आला, सुवर्णतप्त, आम्रगंधी. आणि पैलतीरावरून एक स्थळ आलं. वेळशेताहून! ज्या वेळशेतानं तो एक गुण हिसकावला, त्याच वेळशेताहून. मुलगा शाळामास्तर, मितभाषी. त्याची आई पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाली, “घरात बसवायला नको हो आम्हाला. आमच्या गावाकडून खेळायला पाहिजे तिनं.” वैजूचा चेहरा उजळला. दाराशी जमलेल्या गावाचा मात्र पार पडला.

नियम असा, की जुन्या मंडळानं ना हरकत दाखला दिल्याशिवाय नव्या मंडळाकडून खेळता येत नाही. गाव इरेला पेटलं. “काका, दाखला देऊ नका! वैऱ्याच्या हाती आपलीच तलवार द्यायची होय?” अनाजीकाकांनी दाखल्याचा तो न भरलेला छापील कागद तीन दिवस शिलाई मशीनच्या खणात ठेवला. खण उघडत, पुन्हा लावत. काम काही हातून होईना.

चौथ्या सकाळी वैजू दारात उभी राहिली. “काका, तुम्ही नाही म्हणालात ना, तरी मी रागवायची नाही.”

“तू रागवत नाहीस गो, हाच तर घोळ आहे,” काका म्हणाले. ह्या पोरीवर त्यांची चषकाहून अधिक माया होती, आणि ते त्यांना त्या क्षणी कळलं.

त्यांनी चष्मा लावला. छापील ओळ वाचली: ‘सदर खेळाडूस सोडण्यास आमच्या मंडळाची हरकत नाही.’ जन्मात कधी खोट्यावर सही न केलेला तो माणूस घुटमळला. मग ‘नाही’वर एक सरळ रेघ मारली, आणि आपल्या वळणदार अक्षरात वर लिहिलं: ‘आहे. फार आहे. तरी हिला खेळू द्यावं.’ सही केली. खैरपाण्याच्या नावाचा मंडळाचा शिक्का उमटवला.

वैजूनं वाचलं. पुन्हा वाचलं. टपकन एक थेंब शिक्क्यावर पडला. ती लगबगीनं पुसायला गेली, तशी ओली जांभळी अक्षरं आणखीच पसरली. आणि खैरपाणी तिच्या बोटांना लागलं, तळव्याला लागलं, डोळे पुसताना गालालाही लागलं, आणि लागलेलं तसंच राहिलं.