शुक्रवारची कबड्डी

आमचे शुक्रवार काय होते म्हणून सांगू. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं उरकली की माझा नवरा जमाल पिकअप काढायचा आणि आम्ही शारजाहून थेट दुबईत मुहैस्नाहला. लेबर कॅम्पच्या मागे वाळूत पायाने रेघा ओढल्या की झालं मैदान. एका बाजूला आमची रत्नागिरीची पोरं, दुसऱ्या बाजूला रायगडची. मी गाडीतच बसायची, मांडीवर आमची तान्ही यम्ना, पायाशी चहाचा थर्मास. पंच नाही, शिट्टी नाही. चढाईवाल्याचं नुसतं बोट लागलं तरी ज्याला लागलं तो आपणहून हात वर करून बाहेर जायचा. कुणी विचारायचंसुद्धा नाही.

मग मंदी आली. साइट खलास, क्रेन जागच्या जागी उभ्या, माणसं रिकामी. सट्टेवाल्यांना आणखी काय हवं? मैदानाच्या कडेला पांढऱ्या गाड्या लागायला लागल्या. पैजा आल्या, पाठोपाठ पंच आला, शिट्टी आली आणि हात वर जायचे थांबले. शिट्टी वाजली नाही ना, मग लागलंच नाही. मेल्यांनी खेळाची पार माती केली. एकट्या जमालचा हात तेवढा वर जायचा.

फायनलच्या दिवशी सट्टेवाल्यांतल्या एका शेठने त्याला गाडीच्या खिडकीशी बोलावलं. जमालची नोकरी नुकतीच गेली होती, ते शेठला ठाऊक होतं.

"हबीबी, आज तेवढं हरायचं. नोकरी मी देतो."

"अपने से नहीं होगा, शेठ," म्हणून जमालने पाठ फिरवली. आमची गाडी शेजारीच होती, म्हणून मला ऐकू आलं. बाकीच्यांना त्याचं खिडकीशी वाकणं तेवढं दिसलं.

बरोबरी झाली होती आणि शेवटची चढाई रायगडच्या मुझम्मिलची. तो आला, झेपावला, रिकामा परत गेला. शिट्टी वाजली नाही. आणि जमालने हात वर केला.

"शर्टाला लागलं," तो म्हणाला.

"विकला गेला," आमचीच पोरं म्हणाली. मी गाडीतून उतरून एकेकाला चांगलं झाडलं, पण बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, असं म्हणून मोकळे झाले. मुझम्मिलला विचारलं, तर त्याला काही जाणवलंच नव्हतं. पुढच्या शुक्रवारी जमालला कुणी बोलावलं नाही. पुढे त्याने दारोदार फिरून नोकरी मिळवली, तर लोक म्हणाले, बघा, शेठने शब्द पाळला. अजून आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्यानंतर जमालने कबड्डीचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी यम्नाच्या शाळेत, दुबईच्या ऊद मेथा भागात, मुलींची कबड्डी होती. मी जमालला ओढूनच नेलं. समोरची मुलगी चढाई करून परत गेली, टीचरची शिट्टी वाजली नाही, आणि आमच्या लेकीने हात वर केला.

"शी टच्ड मी, मॅम."

कुणी शिकवलं नव्हतं तिला. माझा ऊर भरून आला. जमालला दाखवायला वळले, तर तो डोळे मिटून पुटपुटत होता, "हात खाली कर, बाळा. खाली कर."